मी पामर

मंगळवार, रात्री साडेअकरा

गवार निवडता निवडता आई म्हणाली, "त्या बाईने भाडं चुकीचं लिहिलंय. साठ नव्हतं, पंचाहत्तर होतं."

मी ओट्याशी पाठमोरी उभी होते. "कुठल्या बाईने?" असं विचारलं, तर "त्या अंकातल्या" एवढंच म्हणाली आणि लगेच आक्काच्या गुडघ्यावर गेली. ऑपरेशन करायचं की नाही, कोणाकडे करायचं, किती दिवस कोणी राहायचं. मी हं हं करत राहिले. भाजीत मीठ दोनदा पडलं. तीही कुणी काही न बोलता संपवली, म्हणजे तर आणखीच विचित्र.

आता झोप येत नाही.

गोष्ट तशी एवढीशी आहे. दिवाळी अंकातल्या, टोपणनावाने लिहिलेल्या माझ्या त्या लेखात गावाचं नाव नाही, चाळीचं नाही, बाबांचं तर नाहीच. दहा बाय बाराची खोली, मोरी आत, संडास मजल्याच्या टोकाला. अशा खोल्या डोंबिवलीत तेव्हा पैशाला पासरी होत्या. मग साठ की पंचाहत्तर हे तिने कशावरून ठरवलं? की नुसतंच आपल्या खोलीचं भाडं आठवलं आणि बोलून गेली? दुसऱ्याच्या गोष्टीत आपले आकडे घुसवायची तिची जुनी सवय आहे. मालिकेतल्या लग्नाचा खर्चसुद्धा ती स्वतःच्या लग्नाशी ताडून बघते.

पण 'नव्हतं' म्हणाली. 'नसणार' नाही म्हणाली.

मागच्या आठवड्यात हाच लेख वाचून झाल्यावर चष्मा काढून म्हणाली होती, "घरची लक्तरं अशी वेशीवर टांगतात का कुणी? हिची आई वाचत असेल तर काय वाटेल तिला." तेव्हाही मी गप्प. टोपणनाव का घेतलं ते इथे पुन्हा लिहीत नाही, या वहीत ते तीनदा लिहून झालंय.

बँकेचंही लिहून टाकते, नाहीतर तेच डोक्यात फिरत बसेल. सातशे पन्नास रुपयांचा चेक, अकाउंट पेयी, टोपणनावाने. नऊ वर्षांत पहिलं मानधन. संपादकांना वाटलं तेच माझं खरं नाव, त्यांचा काय दोष. काउंटरवरच्या मुलीने चेक पाहिला, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, खातं जॉइंट आहे. दोन नावं आहेत. त्यातलं एकही हे नाही." मी म्हटलं, या नावाने मी लिहिते. "पॅनवर आहे? आधारवर?" मी पिशवीतून दिवाळी अंक काढला, माझं पान उघडून काचेखालून आत सरकवला. तिने बिचारीने खरंच पाहिलं. म्हणाली, "यात फोटो पण नाहीये." माझ्या मागचे गृहस्थ म्हणाले, "अहो, छापलेलं नाव काय, कुणीही माझं म्हणेल." त्यांना लॉकरचं काम होतं, घाई होती. मला भर बँकेत घशात आवंढा आला. सातशे पन्नास रुपयांसाठी नाही. मला ते लेखन माझं आहे हेच सिद्ध करता येईना.

घरी सांगायची सोय नाही, म्हणून चिन्मयला फोन केला. तो हसत सुटला. "मावशी, तुझा स्पायडर-मॅन झाला!" संध्याकाळी स्पायडर-मॅनच्या कॉमिक्सचे जुने अंक एकत्र बांधलेलं एक जाडजूड पुस्तक दारातूनच देऊन गेला. आतमध्ये खूण म्हणून बसचं तिकीट.

मला स्पायडर-मॅन म्हणजे इमारतींवरून लोंबकळणारा एवढंच ठाऊक. तिकिटाच्या पानावर उघडलं तर तो बँकेच्या काउंटरपुढे उभा. तोंडावर मुखवटा, अंगात ते जाळीदार कपडे, हातात चेक. लोकांपुढे खेळ करून दाखवला, त्याचे पैसे. खरं नाव सांगायचं नाही म्हणून चेक 'स्पायडर-मॅन' याच नावाने घेतलेला. कारकून ओळखीचा पुरावा मागतो. हा अंगातल्या पोशाखाकडे बोट दाखवतो. कारकून म्हणतो, असले कपडे काय, कोणीही घालेल.

मी पुस्तक मिटून परत उघडलं. मग पहिल्या पानापासून वाचलं.

तारीख मार्च 1963, किंमत बारा सेंट. हा त्याच्या स्वतःच्या मासिकाचा पहिला अंक. त्याआधी तो ऑगस्ट 1962 मध्ये दुसऱ्याच एका मासिकाच्या पंधराव्या अंकात येऊन गेला होता, अकरा पानांत. ते मासिक त्याच अंकाने बंद पडलं. प्रकाशकालाही कोळी नको होता, लोकांना किळस येते म्हणून. म्हणजे पोरगा आलाच मुळी बंद पडणाऱ्या दुकानाच्या पायरीवर. पुढे अंक खपला म्हणून सात महिन्यांनी घरात घेतला. लिहिणारा स्टॅन ली, चित्रं स्टीव्ह डिट्को यांची.

आणि हा अंक, खरं सांगायचं तर, धड एका पायावर उभा नाही. चोवीस पानांत दोन गोष्टी, एक चौदा पानी, एक दहा. मुखपृष्ठावर त्याच प्रकाशनाचे चार आधीचे लोकप्रिय वीर आणून बसवलेत, फॅन्टॅस्टिक फोर. नव्या सुनेला हळदीकुंकवाला एकटी पाठवत नाहीत, तसं. दुसऱ्या गोष्टीत हा त्यांच्याच इमारतीत घुसतो, त्यांच्याशी मारामारी करतो आणि मग म्हणतो, मला तुमच्यात घ्या, पगार किती देणार? ते म्हणतात आमच्यात पगार नसतो. हा उठून चालता होतो. हे झालं पाचेक मिनिटांचं वाचन, आणि मग भलतंच कथानक सुरू. वेषांतर करणारा एक हेर, चोरलेले लष्करी आराखडे, हेलिकॉप्टर, पाणबुडी. त्या हेराने याला निरोप कसा धाडावा, तर याच्या धोका आधीच ओळखणाऱ्या कोळ्याच्या जाणिवेलाच रेडिओ समजून तिच्यावर. काहीही.

पण सगळ्यात गंमत पुढे. या दुसऱ्या गोष्टीत पोराचं नावच चुकवलंय. पीटर पार्करचा पीटर पामर करून ठेवलाय. ज्याने नाव ठेवलं त्यानेच. ली यांना नावं लक्षात राहत नसत, म्हणून तर ते नाव-आडनावाचं पहिलं अक्षर एकच ठेवत. तेवढं बरोबर लक्षात राहिलं, बाकीचं घसरलं. चिन्मयने शेजारी पेन्सिलीने गोल करून ठेवलाय. मी मात्र हसले ते वेगळ्याच कारणाने. पामर! मराठीत दुसरं काय म्हणणार त्याला? खोलीचं भाडं थकलेला, वर्गात कुणी विचारत नसलेला, चेक न वटलेला पामर. छापखान्यात चुकून खरं नाव पडलं.

पहिली गोष्ट मात्र मी दोनदा वाचली. काका गेलेत. ते कसे गेले याचं ओझं पोराच्या मानेवर आहे, पण अंक ते थोडक्यात उरकतो. मग घरमालक दारात. काकू म्हातारी, भाडं द्यायला पैसे नाहीत. हा भिंतीवर चढू शकतो, लोखंड वाकवू शकतो, आणि घरभाडं भरू शकत नाही. चोरी करावी का, हाही विचार येऊन जातो. आपण तुरुंगात गेलो तर काकू खचेल म्हणून सोडतो. मग तो खेळ, मग तो चेक. पुढे जेमसन नावाचा वर्तमानपत्रवाला याच्याविरुद्ध संपादकीय लिहितो आणि उरलेले खेळही रद्द होतात. आणि एक चौकट अशी की काकू दागिने घेऊन गहाणवटीच्या दुकानात. हा लांबून बघतो.

ती चौकट मोठी नाही, कसली झगमग नाही. डिट्को याला पैलवान काढतच नाहीत, बारका काढतात, खांदे पडलेले. मला ते खांदे माहीत आहेत. आईच्या पाटल्या ज्या वर्षी गेल्या त्या वर्षी

नको.

त्यानंतर लेखक एकदम अंतराळात जातो. जेमसनचा मुलगा यानात बसून पृथ्वीभोवती फिरायला निघालाय (जॉन ग्लेन यांची फेरी 1962 च्या फेब्रुवारीतच झालेली, तेव्हा अमेरिकेत सगळ्यांच्या तोंडी तेच असणार). यानाचा दिशा सांभाळणारा एक सुटा भाग निखळतो, हा विमानातून झेप घेऊन तो बसवून येतो. मुलगा वाचतो. आणि दुसऱ्या दिवशी जेमसन लिहितो की भाग यानेच मुद्दाम बिघडवला असणार. यानाचं प्रकरण मला ओढूनताणून आणल्यासारखं वाटलं. पण उपकाराची ही अशी फेड वाचून जरा बरं वाटलं. आपलंच असं होतं असं नाही, एवढं तरी.

लिहिणाऱ्यांना स्वतःलाही अजून सापडायचं होतं, हे वाचताना कळत राहतं. यान, हेर, ते चार पाहुणे हे सगळं 'असा अंक असाच असतो' म्हणून घातलेलं. त्यांची स्वतःची अशी गोष्ट मध्येच, दोन मारामाऱ्यांच्या फटीत, बँकेच्या काउंटरवर सापडलीय. पैशाचा प्रश्न तर या अंकात सुटतच नाही. तो सुटतो पुढच्या, मे महिन्याच्या अंकात: पोरगा फोटो काढायला लागतो आणि ते विकतो जेमसनलाच. जो शिव्या देतो त्याच्याकडूनच घरभाडं निघतं. हे सुचायला दुसरा अंक उजाडावा लागला. माझे नऊ वर्षांचे लेख डोळ्यांपुढून गेले. पहिल्या पाचसहांत मीही यानं उडवलीत. पाऊस, प्राजक्त, कोकणातली आजी. आमचं कोकणात कुणीही नाही.

पहिल्या गोष्टीचा शेवट असा, की शहरभर याच्या नावाने बोंब, धरून देणाऱ्याला बक्षीस. हा घरी बसलेला, साधा शर्ट घालून. आणि काकू त्यालाच म्हणते, त्या भयंकर स्पायडर-मॅनला लवकर धरोत म्हणजे बरं.

तिथे मी थांबले. गवार, पाठमोरी मी, 'त्या बाईने'.

मघाशी वाटत होतं की माझ्यासारखी अभागी मीच. बँकेत नाव नाही, घरात नाव नाही, लेखाखाली आहे ते माझं नाही. आता वाटतंय, काकूचं काय? त्या पोराने तिला कधी विचारलंय? गहाणवटीच्या दुकानात ती गेली ते तिनेही त्याला सांगितलेलं नाही. दोघं एका घरात, दोघांची एकेक चोरी, आणि जेवणं वेळेवर. आमच्याकडेही तसंच. भाडं पंचाहत्तर असताना बाबा मला साठ सांगत होते का? की तिनेच घरात साठ सांगितलं होतं आणि वरचे पंधरा कुठूनतरी भरत होती? लेखात तर मी ठोकून दिलंय की भाड्याची सगळी चिंता बाबांची. ओळच आहे तशी, आणि मला फार आवडलेली. तिला चूक दाखवायची होती ती आकड्याची की त्या ओळीची?

की काहीच नव्हतं, गवार निवडताना सुचलं ते बोलली. हेही शक्य आहे. मी पण ना.

दहा वाजता संपादकांचा मेसेज आलाय. चेक परत पाठवा, त्यापेक्षा यूपीआय नंबर द्या, लगेच टाकतो, तसदीबद्दल क्षमस्व. माणूस सज्जन आहे. पण यूपीआयवर माझं खरं नाव दिसणार, म्हणजे त्यांच्याकडून तरी मुखवटा गेला. आणि पैसे येणार जॉइंट खात्यात, अंकाच्या नावासकट. दुसरं खातं काढावं म्हणून तासभर विचार केला. सातशे पन्नास रुपयांसाठी खातं काढायला गेले तर ती काउंटरवरची मुलगी आता खरंच पोलीस बोलवेल.

दिला नंबर. आत्ताच पाठवला.

पासबुक आई दर महिन्याच्या पाच तारखेला भरून आणते, आणि आल्यावर चष्मा लावून ओळन् ओळ वाचते. आज सत्तावीस.