उपजत मृत्यूच्या नोंदीतला कारणाचा रकाना

आमचे पहिले बाळ गेल्या पावसाळ्यात, पूर्ण दिवस भरल्यावर, तालुक्याच्या एका रुग्णालयात मृत जन्मले. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. घरच्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे होते की, झाले ते झाले, आता कागदांच्या मागे लागून सुनेला पुन्हा त्रास कशाला. परंतु बाळ कधी आणि कशाने गेले, हे पत्नीला कळायला हवे होते. पुढच्या खेपेला काय सांभाळायचे ते त्यावरच ठरणार होते.

घटना जिथे घडली तिथेच नोंद होते, असे ग्रामसेवकांनी सांगितले. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार गरोदरपणाच्या 28 आठवड्यांनंतरच्या उपजत मृत्यूचीही, म्हणजे बाळ मृत जन्मल्याचीही, नोंद करावी लागते आणि रुग्णालयाने 21 दिवसांच्या आत नमुना 3 भरून निबंधकाकडे द्यायचा असतो. मी विनंती केल्यावर तो नमुना मला दाखवण्यात आला. आईचे वय, शिक्षण, गरोदरपणाचे आठवडे, सारे भरलेले होते. गर्भमृत्यूच्या कारणापुढे मात्र आडवी रेघ ओढलेली होती.

मग मी केसपेपरच्या प्रतींसाठी लेखी अर्ज केला. 2002 च्या वैद्यकीय नियमांनुसार त्या 72 तासांत द्याव्या लागतात, हे लिपिकाला समजावून सांगावे लागले. कळा सुरू झाल्यावर बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाने तपासून लिहायचे असतात. आमच्या कागदावर मध्यरात्रीपर्यंत ते आकडे ओळीने होते आणि पुढचे चौकोन पहाटेपर्यंत कोरे होते. प्रसूतीच्या नोंदीत बाळाची त्वचा शाबूत असल्याचे लिहिले होते. बाळ पोटात बराच काळ आधी गेले असते तर त्वचा सोलवटली असती, तेव्हा ते बहुधा कळांच्या दरम्यानच गेले, असा त्याचा अर्थ एका डॉक्टरांनी आम्हाला शांतपणे समजावला. बाळामागून पडणारी वार तपासणीला पाठवलीच नव्हती, त्यामुळे त्यापलीकडे काही कळणे शक्य नव्हते.

संयुक्त राष्ट्रांच्या 2020 च्या अहवालाप्रमाणे जगात वर्षाला सुमारे 20 लाख बाळे मृत जन्मतात आणि त्यांतली 40 टक्क्यांहून अधिक प्रसूतीच्या वेळी दगावतात. 2030 पर्यंत मृत जन्मांचे प्रमाण हजार जन्मांमागे दहाच्या आत आणण्याचे उद्दिष्ट आपल्या देशाने 2014 साली ठेवले. पण कारणापुढे रेघच असेल, तर रात्रपाळीला आणखी एक परिचारिका द्यायची, की गरोदरपणातला रक्तदाब, रक्तक्षय आणि आपल्या विदर्भातला सिकलसेल यांकडे आधी पाहायचे, हे जिल्ह्याने ठरवावे कशावरून? आमच्या आशाताई म्हणाल्या, "भाऊ, आमच्याकडून आकडा जाते, पण कारण कोणी विचारतच नाही."

बऱ्याच पाठपुराव्यानंतर रुग्णालयाने निबंधकाकडे दुरुस्तीचे पत्र पाठवले आणि त्यात 'प्रसूतीदरम्यान गर्भमृत्यू' असे लिहिले. प्रत्येक उपजत मृत्यूनंतर वार तपासावी, ठोक्यांची नोंद अहवालाला जोडावी आणि अशा मृत्यूच्या आढाव्यात कुटुंबाचेही म्हणणे ऐकावे, असा अर्ज मी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे दिला आहे. त्याचे उत्तर अद्याप यायचे आहे.