आधी सांगायचं होतंत

मुलगी एकोणीस वर्षांची, भांडुपची. स्टोव्हच्या भडक्यात भाजली त्याला दोन वर्षं झाली होती. व्रण आवळत जाऊन हनुवटी छातीकडे ओढली गेली होती. सरांनी मान मोकळी केली आणि उघड्या पडलेल्या जागेवर कोलॅजनची, म्हणजे त्वचेत असतं त्या प्रथिनाची शीट बसवली.

शीट सलाईनमध्ये धुवायचं काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही. काळ्या दोऱ्यांची सिलिकॉनची बाजू वर आणि सच्छिद्र बाजू जखमेला टेकलेली, मध्ये हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये. खाली रक्त साचलं की तेवढा तुकडा वाया जातो. पुढचं सगळं रंगावरून कळतं. आधी लाल, मग गुलाबी, शेवटी फिकट केशरी-पिवळा. तो रंग आला म्हणजे आत रक्तवाहिन्या शिरल्या. साधारण तीन आठवड्यांनी सिलिकॉन सोलून वर मांडीची पातळ त्वचा लावतात.

नवव्या दिवशी एका कडेला गुलाबी झाक दिसली. खुशीत बाहेर आले, तर दाराशी तिची आई उभी. गळ्यात तुळशीची माळ.

"सिस्टर, हे कशापासून बनवतात हो?"

सही घेताना रेसिडेंट डॉक्टर 'कृत्रिम त्वचा' एवढंच म्हणाला होता. मुलगा हुशार, हातही चांगला, पण सही घेणं म्हणजे त्याला कागद भरणं वाटतं. फॉर्म इंग्रजीत. आणि मी शेजारीच उभी होते.

खोटं बोलवेना. म्हटलं, "गाई-बैलांच्या कंडरांपासून, मावशी. आणि शार्क माशाच्या कूर्चेचा अंश."

त्यांचा हात माळेवर गेला. "म्हणजे आता ते तिच्यात आहे?"

ते नुसता सांगाडा असतं, तिच्याच पेशी त्यात शिरून स्वतःचं कोलॅजन विणतात आणि आणलेलं हळूहळू विरघळतं, असं मी समजावत राहिले. 1981 साली बॉस्टनमध्ये बर्क आणि यानास यांनी अशी त्वचा मोठ्या भाजलेल्या रुग्णांवर वापरली, तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"आधी सांगायचं होतंत," एवढंच म्हणाल्या आणि जिन्यात जाऊन बसल्या.

संध्याकाळी डबा घेऊन आल्या. मुलीला भरवलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

मांडीच्या त्वचेचं ग्राफ्ट छान बसलं. तपासणीला आली तेव्हा मुलीने मान वर करून छताचा पंखा पाहिला. मावशी बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी पाणी विचारलं, तर म्हणाल्या, "नको, बाई."