ऑटोसेव्ह सकाळी चालू, दुपारी बंद

हिशेब विभागातल्या एका डेस्कटॉपवरून तक्रार आली. एक्सेलची एकच फाइल सकाळी उघडली की वरच्या डाव्या कोपऱ्यात ऑटोसेव्ह, म्हणजे बदल आपोआप सेव्ह करणारी सोय, चालू दिसते, दुपारी उघडली की बंद. नेट व्यवस्थित. टास्कबारवरचा वनड्राइव्हचा (फाइली इंटरनेटवर, म्हणजे क्लाउडवर ठेवणारी मायक्रोसॉफ्टची सोय) ढग निळा, त्यावर क्लिक केलं तर सगळ्या फाइली सिंक झाल्याचा, म्हणजे कॉम्प्युटर आणि क्लाउड जुळल्याचा निर्वाळा. आणि दुपारभर भरलेल्या नोंदी पलीकडच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला दिसत नव्हत्या. त्यात महिनाअखेर.

अशा वेळी फोनवर मी आधी एवढंच सांगतो : "मॅडम, फाइल बंद करू नका, कॉम्प्युटर रीस्टार्ट करू नका आणि ते ऑटोसेव्हचं बटण दाबू नका." पहिल्या दोन गोष्टी कळतात, तिसरीचं लोकांना नवल वाटतं. फाइल क्लाउडवर नसताना ते बटण दाबलं तर एक्सेल 'कुठल्या खात्यावर अपलोड करू?' असं विचारतं. समोर दिसेल ते खातं निवडलं की फाइलची आणखी एक प्रत तिथे तयार होते आणि पुढचं काम त्या प्रतीत सुरू होतं. आधीची फाइल जिथल्या तिथे राहते. या डेस्कटॉपवर आदल्याच दिवशी कोणीतरी हे करून ठेवलं होतं, तेही वैयक्तिक खात्यावर.

ऑटोरिकव्हर आहे म्हणून निर्धास्त राहणारेही बरेच असतात. ऑटोरिकव्हर आणि ऑटोसेव्ह या वेगळ्या सोयी आहेत. ऑटोरिकव्हर मूळ सेटिंगप्रमाणे दर 10 मिनिटांनी त्याच कॉम्प्युटरवर एक तात्पुरती नोंद ठेवतं. प्रोग्राम अचानक बंद पडला तर ती कामी येते. फाइल नीट सेव्ह करून बंद केली की ती काढून टाकली जाते. सहकाऱ्यापर्यंत ती कधीच पोचत नाही. ऑटोसेव्ह मात्र क्लाउडवरच्या खऱ्या फाइलमध्येच, काही सेकंदांच्या अंतराने, बदल लिहीत जातं. त्यामुळे फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर (मायक्रोसॉफ्टचीच, कचेरीच्या सामाईक फाइलींची ऑनलाइन जागा) आहे, हे एक्सेलला कळल्याशिवाय ते चालू होऊच शकत नाही.

म्हणून मी बटणाच्या आधी फाइलचा पत्ता पाहतो. फाइल मेनूतल्या इन्फोमध्ये नावाखाली फाइलचं ठिकाण असतं आणि तिथेच 'कॉपी पाथ' मिळतं. ते नोटपॅडमध्ये पेस्ट करायचं. फाइल क्लाउडमार्गे उघडली असेल तर पत्ता 'एचटीटीपीएस'ने सुरू होतो, ड्राइव्हच्या अक्षराने सुरू झाला तर एक्सेलच्या लेखी ती साधी लोकल फाइल. इथे पत्ता निघाला डी ड्राइव्हवरचा, 'वनड्राइव्ह' याच नावाच्या फोल्डरातला. या नावाने सगळेच फसले होते.

पत्ता टिपून घेतल्यावर एफ12 दाबून उघडी फाइल नव्या नावाने, तारीख-वेळ घालून, वेगळ्या फोल्डरात सेव्ह करून घेतली. त्याआधी दुरुस्तीच्या वाटेला जायचं नाही.

मग एक्सप्लोररमध्ये त्या फोल्डरची झडती. खऱ्या सिंक फोल्डरात स्टेटसचा कॉलम असतो : निळा ढग म्हणजे फाइल फक्त ऑनलाइन, हिरवी खूण म्हणजे कॉम्प्युटरवरही आहे, गोल फिरणारे बाण म्हणजे सिंक सुरू. डी ड्राइव्हवरच्या फोल्डरात यातली एकही खूण नव्हती. एक्सप्लोररच्या डाव्या पट्टीतल्या ढगावर क्लिक केल्यावर मात्र सी ड्राइव्हवरचा, वापरकर्त्याच्या प्रोफाइलमधला फोल्डर उघडला. तिथे त्याच नावाची फाइल, शेवटचा बदल सकाळचा.

उलगडा असा झाला. सी ड्राइव्ह भरत आला होता. कोणीतरी चांगल्या हेतूने अख्खा वनड्राइव्ह फोल्डर कॉपी करून डी ड्राइव्हवर पेस्ट केला आणि मूळ फोल्डरावर राइट-क्लिक करून 'फ्री अप स्पेस' दिलं. त्याने फाइली डिलीट होत नाहीत, फक्त ऑनलाइन राहतात. नंतर डी ड्राइव्हवरच्या फाइलींचे शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवले. वनड्राइव्हला या नव्या फोल्डराची गंधवार्ता नव्हती. त्याच्या ताब्यातला सी ड्राइव्हवरचा फोल्डर खरोखरच पूर्ण सिंक होता, म्हणून ढग निळाच राहिला. खोटं कोणीच बोलत नव्हतं.

सकाळ-दुपारचं कोडंही इथेच सुटलं. सकाळी फाइल एक्सेलच्या 'रीसेंट' यादीतून उघडली जायची आणि त्या यादीत क्लाउडचा पत्ता होता. जेवणानंतर ती डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटने उघडली जायची. 'कधी चालतं, कधी चालत नाही' अशी तक्रार आली की वेळेपेक्षा फाइल कुठून उघडली हे विचारावं, कारण त्या उत्तरातच बहुतेक वेळा कारण सापडतं.

यामागची यंत्रणा माहीत असेल तर खात्री एका मिनिटात होते. वनड्राइव्ह रेजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही), चालू वापरकर्त्याच्या भागात सॉफ्टवेअर, सिंकइंजिन्स, प्रोव्हायडर्स, वनड्राइव्ह या क्रमाने, आपल्या प्रत्येक सिंक फोल्डराची नोंद ठेवतं. 'माउंटपॉइंट'मध्ये कॉम्प्युटरवरचं ठिकाण, 'यूआरएलनेमस्पेस'मध्ये त्याचा क्लाउडवरचा पत्ता. कोणता लोकल फोल्डर म्हणजे क्लाउडवरची कोणती जागा, ही जोडी इथे दिसते. या नोंदी फक्त वाचायच्या, हाताने बदलायच्या नाहीत. इथे माउंटपॉइंट सी ड्राइव्हचाच होता. डी ड्राइव्ह कुठेच नव्हता.

आता खरं कष्टाचं काम : एका फाइलच्या तीन प्रती झाल्या होत्या. क्लाउडवरची, डी ड्राइव्हवरची आणि वैयक्तिक खात्यावर अपलोड झालेली. दोन प्रतींत वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या नोंदी केलेल्या. इथे 'शेवटची तारीख जिची, ती फाइल ठेवा' असं सांगणारे खूप भेटतात आणि मला त्याची चीड येते. तसं केलं की उरलेल्या प्रतीतलं काम मुकाट्याने पुसलं जातं.

आधी वाट कुठे फुटली ते शोधायचं. विंडोजमध्ये फाइल कॉपी केली की 'मॉडिफाइड' तारीख जुनीच राहते, पण 'क्रिएटेड' तारीख कॉपी केल्या वेळेची पडते. डी ड्राइव्हवरच्या, कोणी हात न लावलेल्या एका पीडीएफची क्रिएटेड वेळ पाहिली आणि कॉपी कधी झाली ते कळलं. मग तो फोल्डर सबफोल्डरांसकट 'मॉडिफाइड'प्रमाणे लावला. कॉपीच्या वेळेनंतर बदललेल्या फाइलीच तपासायच्या. एवढ्या मोठ्या फोल्डरातून अशा फाइली मोजक्याच उरल्या.

त्या प्रत्येकीसाठी क्लाउडवरच्या फाइलच्या व्हर्जन हिस्टरीतून (जुन्या आवृत्त्यांची यादी) कॉपीच्या लगेच आधीचं व्हर्जन काढून 'मूळ' या नावाने वेगळं ठेवलं. तुलनेला ही तिसरी फाइल लागतेच. नुसती क्लाउडची आणि डीची फाइल शेजारी ठेवली तर फरक दिसतो, पण एखादी नोंद एकीत नव्याने आली की दुसरीतून कोणी काढली, हे ठरवता येत नाही. एक्सेल एकाच नावाच्या दोन फाइली एकाच वेळी उघडत नाही, म्हणून डीच्या प्रतीचंही नाव आधी बदललं.

सेलला सेल लावून तुलना करू नये. मध्ये एक ओळ वाढली की खालचं सगळं चुकीचं दिसू लागतं. आम्ही व्हाउचर नंबर धरून, व्हीलुकअप (दुसऱ्या यादीत नोंद शोधणारा एक्सेलचा फॉर्म्युला) लावून, डीच्या प्रतीतली प्रत्येक ओळ 'मूळ'मध्ये शोधली. मूळमध्ये नसलेल्या ओळी नव्या, त्या क्लाउडच्या फाइलमध्ये घ्यायच्या. डीमध्ये बदललेली पण क्लाउडमध्ये मूळसारखीच राहिलेली ओळ असेल तर डीची घ्यायची. दोन्हीकडे बदललेल्या ओळी मात्र कॉम्प्युटरने ठरवायच्या नाहीत. त्या छापून, कागदी व्हाउचर समोर ठेवून, नोंद करणाऱ्यांकडूनच ठरवून घेतल्या. क्लाउडच्या बाजूला कोणी काय बदललं हे पाहायला 'रिव्ह्यू'मधलं 'शो चेंजेस' फार उपयोगी पडतं, त्यात 60 दिवसांपर्यंतचे बदल नावानिशी दिसतात. डीच्या प्रतीचा असा इतिहास कुठेच नसतो.

ओळी आणताना साधं कॉपी-पेस्ट टाळावं. फॉर्म्युला सोबत आला तर डी ड्राइव्हच्या फाइलची लिंकही येते आणि पुढे महिनोन्महिने 'लिंक अपडेट करू का?' असं विचारलं जातं. पेस्ट स्पेशलमधून फक्त व्हॅल्यू घ्यायच्या, फॉर्म्युला क्लाउडच्या फाइलमधलाच खाली ओढायचा आणि शेवटी 'डेटा' टॅबमधली लिंकची यादी तपासायची. वैयक्तिक खात्यावरच्या प्रतीत डीपेक्षा वेगळं काही नाही, याची खात्री करून ती तिथून आणि तिथल्या रिसायकल बिनमधूनही काढली. कचेरीचे आकडे तिथे राहणं बरोबर नव्हतं.

डी ड्राइव्हवरचा फोल्डर डिलीट केला नाही. त्याचं नाव बदलून 'बंद' असा शेरा जोडला. नाव बदललं तरी विंडोज शॉर्टकटवरून फाइल शोधून काढू शकतं, म्हणून डेस्कटॉपवरचे जुने शॉर्टकटही काढले. एक्सेलच्या यादीत पिन केलेल्या डीच्या फाइलीही काढल्या.

जागेचा प्रश्न होताच, तो रीतसर सोडवला. वनड्राइव्ह फोल्डर हलवायचा तर आधी सगळं सिंक झालंय हे पाहायचं, वनड्राइव्हच्या सेटिंग्जमधून 'अनलिंक धिस पीसी' द्यायचं, फोल्डर एक्सप्लोररमधून नव्या ड्राइव्हवर मूव्ह करायचा, पुन्हा साइन-इन करायचं आणि फोल्डर कुठे ते विचारल्यावर 'चेंज लोकेशन'ने हलवलेला फोल्डर दाखवायचा. इथे आधीच फोल्डर आहे असा संदेश येतो, तोच वापरायचा. नवा ड्राइव्ह एनटीएफएस (विंडोजची फाइली साठवण्याची नेहमीची पद्धत) फॉरमॅटचा हवा.

एवढं झाल्यावर बहुतेक फाइलींचं ऑटोसेव्ह चालू झालं, पण काहींचं नाही. प्रत्येकीचं कारण वेगळं निघालं. एक जुन्या 'डॉट एक्सएलएस' फॉरमॅटमध्ये होती. इन्फोमधल्या 'कन्व्हर्ट'ने ती नव्या फॉरमॅटमध्ये नेली. एक्स्टेंशन बदलल्यामुळे तिच्यावर अवलंबून असलेल्या दुसऱ्या फाइलींतल्या लिंक मात्र दुरुस्त कराव्या लागल्या. एक उघडायलाच पासवर्ड लागायचा. अशा एन्क्रिप्टेड फाइलला ऑटोसेव्ह मिळत नाही. पासवर्ड काढून तिला मोजक्या लोकांनाच परवानगी असलेल्या फोल्डरात ठेवायचं ठरलं. एका फाइलवर जुन्या पद्धतीचं 'शेअर वर्कबुक' सुरू होतं. तो पर्याय आता रिबनवर दिसत नाही. क्विक ॲक्सेस टूलबारमध्ये 'ऑल कमांड्स'मधून आणून तो बंद केला. आणि एका फाइलचं ऑटोसेव्ह कोणीतरी पूर्वी हाताने बंद केलं होतं. तसं केलं की त्या फाइलपुरती ती निवड लक्षात ठेवली जाते आणि पुढच्या वेळीही ती बंदच उघडते.

शेजारच्या डेस्कटॉपवर निराळीच गोष्ट. तिथे पत्ता खऱ्या सिंक फोल्डराचा असूनही सगळ्याच फाइलींचं ऑटोसेव्ह बंद. वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये, 'सिंक अँड बॅकअप'च्या ॲडव्हान्स्ड भागातला 'फाइल कोलॅबरेशन' पर्याय बंद होता. तो बंद असला की मायक्रोसॉफ्ट ऑफिस ती फाइल लोकल समजून उघडतं आणि अपलोडचं काम वनड्राइव्हवर सोडतं. दोघांनी एकाच वेळी बदल केले की फाइलच्या नावापुढे कॉम्प्युटरचं नाव जोडलेल्या प्रती फोल्डरात दिसू लागतात. तशा तिथे होत्याच. शिवाय एक्सेलमध्ये एका खात्याने आणि वनड्राइव्हमध्ये दुसऱ्याच खात्याने साइन-इन होतं. दोन्हीकडे एकच खातं ठेवलं. शेअरपॉइंटच्या लायब्ररीत 'चेक आउट' (बदल करण्याआधी फाइल आपल्या नावावर घेणं) सक्तीचं असेल तरी ऑटोसेव्ह बंद राहतं, पण ती दुरुस्ती लायब्ररीच्या ॲडमिनकडे.

वनड्राइव्ह रीसेट करणं किंवा ऑफिसची फाइल कॅशे (तात्पुरत्या प्रतींचा साठा) उडवणं हे बरेच जण पहिल्या फटक्यात करतात. माझा त्याला विरोध आहे. अपलोड न झालेले बदल त्या कॅशेमध्येच थांबलेले असू शकतात, ती उडवली की तेही जातात. 'फाइल्स नीडिंग अटेन्शन'ची यादी रिकामी आहे, हे पाहिल्यावरच तिकडे वळावं. या दिवशी त्याची गरजच पडली नाही.

शेवटची चाचणी प्रत्येक वाटेने घेतली : रीसेंट यादी, नवा डेस्कटॉप शॉर्टकट, एक्सप्लोरर आणि ब्राउझरमधलं 'ओपन इन डेस्कटॉप ॲप'. दर वेळी एका रिकाम्या सेलमध्ये वेळ टाइप करायची, वर फाइलच्या नावाशेजारी 'सेव्ह्ड' येईपर्यंत थांबायचं, मग दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये तीच वेळ दिसते का ते पाहायचं. चारही वाटांनी दिसली. डी ड्राइव्हवरचा 'बंद' फोल्डर महिन्याचे हिशेब जुळून सही होईपर्यंत तसाच ठेवायला सांगितला, आणि त्यानंतरच डिलीट करायला.