कूलर, बाबा आणि तीन महिने रखडलेली कविता

नागपुरात प्रेमकविता लिहायला बसलं की दोन माणसं मानगुटीवर येऊन बसतात. एका खांद्यावर कवी ग्रेस, दुसऱ्यावर गझलकार सुरेश भट. ग्रेस बसले की संध्याकाळ आणि पाऊस, भट बसले की रदीफ-काफिया, म्हणजे गझलेची यमकं. माझी पहिली प्रेमकविता त्या दोघांनीच लिहिली म्हणा ना, माझं त्यात फक्त अक्षर होतं.

धरमपेठेत एका मैत्रिणीच्या घरी महिन्यातून एकदा आम्ही सात-आठ जण कविता वाचायला जमतो. मार्चमध्ये तिथं ती वाचली. विषय आईबाबांचा ४१ वर्षांचा संसार, आणि आत काय, तर चांदणं, ओंजळ, किनारा. आईने समुद्र आयुष्यात एकदा पाहिलाय, तोही भर दुपारी. वाळूने पाय भाजले म्हणून परत फिरली होती. वाचून झाल्यावर आमच्यातले एक निवृत्त मास्तर म्हणाले, "चांगली आहे. पण ह्यात बोलून कोण राहिलं?"

राग आला. कवितेत कोण बोलणार, मीच की! घरी येईपर्यंत मात्र कळलं होतं की प्रेम त्या दोघांचं आणि उसासे माझे, असा तो प्रकार होता.

मग ठरवलं, बाबा बोलतील. दुसऱ्याच्या तोंडून प्रेम बोलायचं ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही. ज्ञानेश्वरांनी विरहिण्या, म्हणजे विरहाचे अभंग, लिहिले ते बाईच्या आवाजात. होनाजी बाळा, राम जोशी यांच्या लावणीतली बाईही पुरुषांनीच बोलती केली. अलीकडचं म्हणाल तर अरुण कोलटकरांची २००३ साली आलेली 'भिजकी वही', त्यात प्राचीन काळातल्या गणिती हिपेशियापासून व्हिएतनाम युद्धात भाजलेल्या किमपर्यंत बायाच बाया. पण विरहिणी निदान बोलते तरी. आमचे बाबा या विषयावर ४१ वर्षांत चकार शब्द बोललेले नाहीत. उन्हाळाभर त्यांचं एकच वाक्य, "कूलरमधी पाणी टाकलं काय?"

दुसरा खर्डा अगदीच पडला. बाबा पुस्तकी मराठीत 'तुझ्याविना ही खोली' वगैरे म्हणू लागले आणि मालिकेतल्या सासऱ्यासारखे वाटायला लागले. तेव्हा झक मारत घरच्या वऱ्हाडी बोलीकडे वळले. पुण्याची मावशी 'पाणी भरतोय' म्हणते, आमच्याकडे 'भरून रायलो'. इतकी वर्षं या 'रायलो'ची कॉलेजात थट्टा ऐकली, पण कागदावर उतरवताना पहिल्यांदा लक्षात आलं की आमच्या प्रत्येक चालू कामात 'राहणं' आहे. भरतोय म्हणणारा माणूस भरून निघून जाईल असं वाटतं. आमचा तिथंच उभा असतो, नळी धरून.

एक धास्ती होती. वऱ्हाडी ऐकू आली की श्रोते आधीच हसायच्या तयारीत बसतात. हास्यकवितांनी ती सवय लावून ठेवलीय. एप्रिलच्या बैठकीत तेच झालं. मधल्या ओळीत 'अवं' आलं आणि दोघं फिसकन हसले, पुढचं सगळं वाहून गेलं. मास्तर म्हणाले, "हसू द्या नं. पण आधी हसू द्या." मी 'अवं' उचलून पहिल्या ओळीत आणलं. हसू तिथंच संपतं, पुढं मंडळी ऐकतात. बाबा आईला कधी नावाने हाक मारत नाहीत, त्यामुळे तो शब्द तसाही तिथंच शोभत होता.

मग काटछाट, आणि यातच महिना गेला. 'तुले गार लागावं म्हणून' ही माझी आवडती ओळ होती. काढली. बाबा कारण सांगत नाहीत. ते फक्त कूलरचं तोंड आईच्या खाटेकडे फिरवतात आणि स्वतः भिंतीकडे, जिथं झुळूकही येत नाही, तिथं आडवे होतात. ४५ अंशांतसुद्धा. हे त्यांच्या तोंडून कसं सांगायचं? स्वतः सांगितलं तर ते बाबा कसले? पंधरा-वीस ओळींतून शेवटी चार उरल्या:

अवं, टाकी भरून रायलो.
खाट तिकून घे.
मले इकडं बरं आहे.
पेपर दे तो, कालचा चालन.

कालचा पेपर वाचायला कोणी मागत नाही, वारा घ्यायला मागतात. सातांपैकी तिघांच्या ते ध्यानात आलं. मला तेवढे पुरेत. मास्तरांचं मत वेगळं; ते म्हणतात, अजून एक ओळ हवी. मी ऐकलं नाही.

मे महिन्यात, लाईट गेलेली असताना, धीर करून बाबांना वाचून दाखवली. तेव्हा या चार ओळींच्या आधी आणखी दोन होत्या, त्यात कूलरच्या गवताच्या ताट्यांचा वास होता. बाबांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला.

"ताट्या खसच्या हायेत आपल्या," म्हणाले. "गवताच्या नाई लावत मी. तुह्या मायले शिंका येते."

घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "काय म्हणून राहिले?"

"काई नाई," बाबा म्हणाले. लाईट आली तशी ते नळी घेऊन उठले.