दोन टूरच्या मधला धुण्याचा दिवस

पहिल्या टूरची बस व्हिएन्नातल्या हॉटेलसमोरून सकाळी सव्वासातला विमानतळाकडे निघाली, तेव्हा मी आणि ताई दोन बॅगा घेऊन फुटपाथवर उभ्या. खिडकीतून नाशिकच्या काकू ओरडल्या, "जपून राहा गं दोघी!" बस वळली आणि एकदम सुनंसुनं वाटलं. आठ दिवस 'पावणेआठला लॉबीत, बॅगा दाराबाहेर' ऐकायची सवय झाली होती. आता पुढचे पाच दिवस कोणी काही सांगणार नव्हतं.

झालं होतं असं की प्राग-बुडापेस्ट-व्हिएन्ना ही टूर गुरुवारी संपत होती आणि स्लोव्हेनिया-क्रोएशियाची दुसरी टूर मंगळवारी स्लोव्हेनियाच्या राजधानीत, ल्युब्लियानात सुरू होत होती. मधे परत येऊन पुन्हा जायचं म्हणजे विमानाचं भाडं दुप्पट आणि ताईच्या गुडघ्यांचे हालही दुप्पट. म्हणून दोन्हीकडे 'जॉइनिंग-लीव्हिंग' घेतलं, म्हणजे ग्रुपला तिकडेच जाऊन मिळायचं किंवा तिकडूनच सुटायचं, आणि मधले दिवस आपले आपण काढायचे ठरवलं.

असं करायचं असेल तर पहिला विचार व्हिसाचा करा, हॉटेलचा नंतर. दोन्ही टूर शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, असतील (क्रोएशियाही 2023 पासून त्यात आहे) तर दूतावासाच्या दृष्टीने तुमचा तो एकच प्रवास असतो. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. आमच्या दोन टूरमध्ये मिळून सर्वांत जास्त रात्री क्रोएशियात होत्या, पाच. पण व्हिएन्नाच्या टूरमधल्या दोन रात्रींना मधल्या चार जोडल्यावर ऑस्ट्रियाच्या सहा झाल्या आणि अर्ज ऑस्ट्रियाकडे करावा लागला. हे दोन्ही कंपन्यांपैकी कोणीही आपणहून सांगितलं नाही. प्रत्येकाला आपापल्या टूरपुरतंच दिसतं. तीच गत विम्याची. टूरबरोबर मिळणारा विमा टूरच्या तारखांपुरता असतो, आणि मधे भोक राहिलं की कागद परत येतात. निघण्यापासून घरी पोचेपर्यंतची एकच पॉलिसी काढा, किमान 30,000 युरोंची. मधल्या रात्रींची हॉटेलं स्वतःच्या नावावर आधीच बुक करून कागद जोडा. व्हिसा हातात आला की त्यावर किती दिवसांची मुभा आहे तो आकडा बोट ठेवून मोजा. पोचायचा आणि निघायचा, दोन्ही दिवस त्यात धरतात. औषधंही त्याच हिशोबाने घ्या. ताईच्या रक्तदाबाच्या गोळ्या नेमक्या पाच दिवसांच्या कमी पडल्या असत्या, निघायच्या आदल्या रात्री लक्षात आलं म्हणून बरं.

टूरची हॉटेलं बहुधा गावाबाहेर, बस उभी राहील अशा जागी असतात. त्यातच दिवस वाढवून मागू नका. आम्ही मुख्य स्टेशनाजवळ, म्हणजे हाउप्टबानहोफपाशी, छोटं अपार्टमेंट घेतलं, कारण सोमवारची ल्युब्लियानाची गाडी तिथूनच सुटते. आणि दुसरं कारण, ज्यावर ताई अडून बसली होती: त्यात कपडे धुवायचं मशीन होतं.

मी मात्र आधी भलत्याच तयारीत होते. गुरुवारी साल्झबर्ग, शुक्रवारी हालश्टाट, शनिवारी ब्रातिस्लाव्हा. वहीत गाड्यांच्या वेळा लिहून तयार. ताईने वही पाहिली आणि म्हणाली, "अगं, ही तिसरी टूर झाली. हिचा टूर मॅनेजर कोण, तू?" साल्झबर्गला जायला अडीच तास आणि यायला अडीच, हालश्टाटला त्याहूनही जास्त. वही बॅगेत गेली ती घरीच उघडली. ब्रातिस्लाव्हा तासाभरावर आहे, दुसऱ्या देशाची राजधानी पाहून संध्याकाळी परत येता येतं. गुडघे धड असतील त्यांनी जरूर जावं, पासपोर्ट मात्र जवळ ठेवून.

तर पहिला दिवस धुण्याचा. सकाळी खोली मिळत नाही, दुपारी तीनला मिळते. तोवर बॅगा त्यांच्याकडे ठेवून आम्ही कोपऱ्यावरच्या कॅफेत बसलो. इथे कॉफीबरोबर न मागता पाण्याचा ग्लास येतो, आणि एका मेलांजवर, म्हणजे तिथल्या दुधाच्या कॉफीवर, तास-दीड तास बसलात तरी कोणी बिल आणून आपटत नाही. पाणी विकत घेऊच नका. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, 1873 पासून. तीननंतर मशीन लागलं, दोन फेऱ्या झाल्या, खुर्च्यांच्या पाठींवर, पडद्याच्या दांडीवर, हीटरवर कपडे वाळत पडले आणि खोलीला घरासारखा वास आला.

गुरुवारी कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम, म्हणजे मोठं कलासंग्रहालय, रात्री नऊपर्यंत उघडं असतं. इतर वारी सहाला बंद होतं, आणि बऱ्याच महिन्यांत सोमवारी उघडतच नाही. आमच्या टूरने ते बसमधून दाखवलं होतं, "उजवीकडे पाहा" म्हणून. संध्याकाळी गर्दी ओसरते. सरळ ब्रॉयगेलच्या दालनात जा, बाकीचं राहिलं तरी चालेल. या चित्रकाराची जगात चाळीसेक चित्रं उरली आहेत, त्यांतली डझनभर इथे एका छताखाली. बसायला ऐसपैस सोफे आहेत. बर्फातून परतणाऱ्या शिकाऱ्यांचं चित्र (1565) आपण छापील पाहिलेलं असतं, पण ताई रमली ती शेतकऱ्याच्या लग्नाच्या चित्रात. कोठारात पंगत बसलीय, आणि दोन वाढपी चक्क बिजागरीतून काढलेल्या दरवाजावर ताटल्या मांडून उचलून आणताहेत. "आपल्या बाबांनी माझ्या लग्नात असंच खाटेवरून बुंदीचे लाडू नेले होते," ताई म्हणाली. नवरी हिरव्या कापडापुढे डोळे मिटून बसलीय, पण नवरा कुठला हे जाणकारांनाही नक्की सांगता येत नाही. आम्ही अर्धा तास नवरा शोधला. टूरमध्ये हे शक्य नाही, आणि टूरला दोषही नाही. चाळीस माणसांनी नवरा शोधायचा म्हटलं तर जेवण चुकायचं.

शहरात फिरायला सुट्या तिकिटांऐवजी ठरावीक मुदतीचं तिकीट घ्या, मेट्रो-ट्राम-बस सगळ्याला चालतं. कागदी तिकीट असेल तर पहिल्या प्रवासाआधी निळ्या पेटीत घालून छाप उमटवायचा. एकदाच. दारावर कोणी विचारत नाही म्हणून लोक गाफील राहतात, पण तपासनीस मधेच गाठतो आणि दंड शंभर युरोंच्या वर आहे.

शुक्रवारी 71 नंबरच्या ट्रामने त्सेंट्रालफ्रीडहोफला, म्हणजे मोठ्या दफनभूमीत गेलो. ऐकणाऱ्याला विचित्र वाटतं. पण इथे तीसेक लाख माणसं पुरलेली आहेत, आणि जिवंत व्हिएन्नाकर जेमतेम वीस लाख. 'त्याने 71 धरली' म्हणजे तो गेला, असं तिथले लोक म्हणतात. पुण्यात 'वैकुंठाला गेला' म्हणावं तसंच. दुसऱ्या गेटला उतरायचं, पहिल्याला नाही, नाहीतर फार चालावं लागतं. तिथून थोड्या अंतरावर बेथोवन, शुबर्ट, ब्राम्स, योहान स्ट्राउस जवळजवळ आहेत. मोझार्टचं नुसतं स्मारक आहे, तो पुरला गेला सांक्ट मार्क्सच्या दफनभूमीत. झाडं, बाक, शांतता. दुपारभर बसलो, डब्यातली पोळी (हो, खोलीत तवा होता) तिथेच खाल्ली.

ऑपेराचं तिकीट महाग असतं असा आपला समज असतो. बसून पाहायचं तर असतंही. पण स्टाट्सओपरमध्ये, म्हणजे तिथल्या मुख्य ऑपेरागृहात, उभ्याची जागा सिनेमाच्या तिकिटाच्या भावात मिळते. काही तिकिटं त्याच दिवशी खेळाआधी सव्वा-दीड तास खिडकीवर विकतात, रांगेत थोडं आधी उभं राहायचं. आत गेलात की आपल्या जागच्या कठड्याला रुमाल किंवा ओढणी बांधायची, जागा तुमची. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. पुढे छोट्या पडद्यावर शब्दांचा इंग्रजी अनुवाद येतो. मी ओढणी बांधून आत उभी राहिले. ताई बाहेर चौकात खुर्चीवर बसून मोठ्या पडद्यावर तोच खेळ फुकट पाहत होती. एप्रिल ते जून आणि सप्टेंबरमध्ये बरेच खेळ असे बाहेर दाखवतात. मध्यंतरात मीही बाहेर आले आणि तिच्याशेजारी बसले. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र ऑपेरा बंद असतो.

शनिवारबद्दल एकच सांगते: संध्याकाळी सहाच्या आत किराणा भरा. सहाला दुकानं बंद होतात ती सोमवारीच उघडतात. रविवारी मोठ्या स्टेशनांमधली सुपरमार्केटं तेवढी चालू, आणि तिथे अख्खं शहर रांगेत असतं. दूध, ब्रेड, टोमॅटो, दही घेतलं की शाकाहारी माणसाचं भागतं. टूरवर रोज रात्री पनीर आणि डाळ समोर येत होती, त्यामुळे आपण परदेशात आहोत हे जिभेला कळलंच नव्हतं. शनिवारी कायझरश्मार्न खाल्लं, तव्यावर तोडलेला गोड जाड पॅनकेक आणि प्लमची चटणी. जेवण म्हणून चालतं.

रविवारी यू-4 मेट्रोने हायलिगेनश्टाटला उतरलो, काहलेनबर्गच्या टेकडीची 38ए बस धरायला. पण स्टेशनाबाहेर पडताच समोर कार्ल-मार्क्स-होफ आली आणि तासभर तिथेच गेला. 1930 साली पुरी झालेली कामगारांची वसाहत, एक किलोमीटरहून लांब, जवळपास चौदाशे घरं. साधारण त्याच दशकात मुंबईत बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. इथे प्रत्येक घरात संडास, अंगणात झाडं, बालवाडी, वाचनालय आणि सामायिक धुलाईघरं. त्यांतल्याच एका जुन्या धुलाईघरात आता या काळाचं छोटं संग्रहालय आहे, गुरुवारी आणि रविवारी दुपारीच उघडतं. "म्हणजे शेवटी धुणंच पाहायला आलो," ताई म्हणाली. काहलेनबर्गवरून द्राक्षमळ्यांतून उतरत नुसडॉर्फला यायचं आणि डी ट्राम धरायची, हा उत्तम रस्ता आहे म्हणतात. आम्ही बसनेच खाली आलो.

सोमवारच्या सकाळच्या थेट गाडीने ल्युब्लियानाला सहा तास लागतात. विमानाचा विचारही करू नका. पहिल्या दीड-दोन तासांत सेमरिंगचा घाट लागतो: 1854 चा रेल्वेमार्ग, 14 बोगदे, 16 मोठे पूल, आणि गाडी अशी वळते की आपलंच इंजिन खिडकीतून दिसतं. आपला बोरघाट त्यानंतर नऊ वर्षांनी सुरू झाला. काही युरो देऊन खिडकीची जागा राखून ठेवा.

दुसरी टूर सुरू व्हायच्या आदल्या रात्रीच त्या गावात पोचलेलं बरं. आणि एक गोष्ट दुसऱ्या कंपनीकडून निघण्यापूर्वीच लेखी घ्या: तुम्हाला नेमकं कुठून घेणार? आम्हाला रविवारी रात्री मेसेज आला, 'जॉइनिंग पाहुण्यांनी विमानतळावर ग्रुपला भेटावे, हॉटेलवरून पिकअप नाही.' म्हणून मंगळवारी सकाळी दोन बॅगा ओढत आम्ही ल्युब्लियानाहून पंचवीस किलोमीटरवरच्या विमानतळावर गेलो. ग्रुप आला, रात्रभर जागलेला, चुरगळलेला. बसमध्ये बसलो. गाइडने माइक हातात घेऊन सांगितलं, आता आपण शहर पाहायला निघालोय, आणि बस आमच्या कालच्या हॉटेलसमोरून गेली.