वाड्याची फाइल

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज दिवसभर वाडा उघडत बसले होते. पंचवटीतला आमचा वाडा पाडून सहा वर्षं झाली. पण २०१५ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत दादानं आणि मी तो माइनक्राफ्टमध्ये, म्हणजे ठोकळे (ब्लॉक) रचून बांधकाम करायच्या कॉम्प्युटरवरच्या खेळात, बांधला होता. टेपचं एक टोक मी धरायचे, दुसरं तो. खेळात एक ब्लॉक म्हणजे एक मीटर, म्हणून बारा फुटी चौक चार ब्लॉकांचा झाला. त्या बांधकामाची स्केमॅटिक फाइल (कुठे कुठला ब्लॉक आहे याची नोंद) परवा जुन्या पेनड्राइव्हवर सापडली आणि भाचा मागेच लागला, "मावशी, मला आत फिरायचंय."

त्याच्याकडे खेळाची नवी आवृत्ती. जुन्या फाइलमध्ये प्रत्येक ब्लॉक म्हणजे एक आकडा: दगडी विटा ९८, ओकच्या लाकडाची पायरी ५३. पायरीचं तोंड कुठे, ती उलटी आहे का, हे दुसऱ्या आकड्यात. २०१८ साली १.१३ आवृत्ती आली आणि आकडे जाऊन नावं आली.

सकाळी नेटवरच्या एका फुकट कन्व्हर्टरमध्ये फाइल टाकली. त्यानं दुसरा आकडा वाचलाच नाही. जिना, छपराचे दोन्ही उतार, सगळ्या पायऱ्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या! आणि ओसरीच्या खांबावरची पाटी कोरी. तिथे मात्र पोटात कालवलं. १९६९ साली गोदेचं पाणी कुठवर चढलं होतं ते आजी त्या खांबावर बोट ठेवून दाखवायची. "इथवर होतं गं." दादानं बरोब्बर तिथेच पाटी लावली होती. पाटीवरची अक्षरं ब्लॉकच्या आकड्यात नसतात, फाइलमध्ये त्यांची वेगळी यादी असते. ती यादीच गळली होती.

दुपारी मूळ फाइल वर्ल्डएडिटमध्ये (माइनक्राफ्टमधली बांधकामं बदलायचं जोड-साधन) उघडली आणि 'स्केम' या नव्या फाइल-प्रकारात सेव्ह केली. उतार जागेवर आले, जिना माडीकडे वळला. मग खांबाजवळ गेले. तिसऱ्या ब्लॉकवर पाटी: "पाणी १९६९". भाचा खाली उभा राहून वर बघत होता. "एवढं? माझ्या डोक्यावरून?" हो रे बाळा, डोक्यावरून.

दादाला फोटो पाठवला. त्याचं लगेच उत्तर, "दिंडी दरवाजा उलट्या बाजूला उघडतोय." जुन्या फाइलमध्ये दाराची बिजागरी कुठल्या बाजूला हे दाराच्या वरच्या अर्ध्या भागात नोंदलेलं असतं. उद्या तोच ब्लॉक आधी तपासते.