भाऊ आत, पोटगी बाहेर चालूच (माझा अनुभव)

कोर्टाने भावाला मुलीसाठी महिना ६ हजार पोटगी लावलेली. मग तो दुसऱ्याच केसमध्ये जेलात गेला, अंडरट्रायल, म्हणजे खटल्याचा निकाल लागायचाय. आम्ही घरचे शहाणे, आम्हाला वाटलं माणूसच आत तर पोटगी पण थांबली असणार. १४ महिन्यांनी वहिनीचा वसुलीचा अर्ज आला, ८४ हजार. वहिनीला काय बोलणार, पोरीची शाळा काय थांबते?

तर आपोआप काही थांबत नाही. रक्कम कमी करून घ्यायला वेगळा अर्ज लागतो, पूर्वी सीआरपीसी म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२७ कलम होतं, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं १४६. वकील लीगल एडमधून, म्हणजे सरकारी मोफत कायदेशीर मदतीतून, फुकट मिळाली, कैदेतल्या माणसाचं उत्पन्न बघत नाहीत, १५१०० ला फोन लावायचा. गोव्यातल्या कोलवाळच्या जेलात जाऊन वकालतनाम्यावर (वकिलाला केस चालवायचा अधिकार देणारा कागद) भावाची सही, जेलचा शिक्का, एका खेपेत झालं.

अडलं कुठे, तर कोर्टाच्या फायलिंग काउंटरवर. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालापासून पोटगीच्या केसमध्ये उत्पन्न-मालमत्तेचं अ‍ॅफिडेव्हिट लागतं, पानंच्या पानं, घर, गाडी, सोनं, महिन्याचा खर्च. भावाकडे यातलं काहीच नाही म्हणून त्याने रकाने कोरे सोडलेले. ऑब्जेक्शन. मी तिथेच पेन काढून 'नाही' लिहायला गेले तर काउंटरवरचा ओरडला, शपथेवरच्या कागदाला हात लावू नको, नवीन कर. म्हणजे परत कोलवाळ. नवीन घेऊन गेले तर म्हणे तो आत असल्याचा जेलचा दाखला जुना झाला, फ्रेश आण. अरे मग गेल्या खेपेलाच सांगायचं ना! तर म्हणतो, "बाय, तुझ्या वकिलाक विचार," आणि चहाला गेला. पेडण्याहून म्हापसा, तिथून बस बदलायची, वर पाऊस, अर्ध्या दिवसाची रजा, असं चार वेळा. चौथ्या वेळी अर्ज घेऊन त्याला केस नंबर पडला तेव्हा मी बाहेर पायरीवर बसून रडलेच.

शेवटी पोटगी महिना २५०० झाली, पण अर्जाच्या तारखेपासून. मागचे ८४ हजार तसेच उभे, म्हणून माणूस आत गेला की त्याच आठवड्यात अर्ज टाका. महिनाभर जेल भोगली की थकबाकी फिटते असं आमचे काका सांगत होते, ते पण खोटं, वकिलीणबाईंनी स्पष्ट सांगितलं.

२५०० आता मीच वहिनीच्या खात्यात टाकते, ऑनलाइन, पुरावा राहतो. आणि हो, रकाना कोरा नको, सहीच्या आधीच 'निल' लिहून घ्या, प्रत्येक रकान्यात.